एका चपलेवर घरी आलेला माणूस

आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की मला पूर्वी जांभया यायच्या. 'मी झुंजलो', 'मी हार मानली नाही', 'माझ्या जिद्दीपुढे रोगानं गुडघे टेकले'. अरे, रोगाला गुडघे असतात का? गुडघे आपल्याला असतात, आणि आपणच ते टेकतो. मी कुणाशी झुंजलो नाही. उजव्या पायाची दोन बोटं देऊन तह केला, एवढंच. तह होईपर्यंत जो पळपुटेपणा केला तो मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. मधुमेह असणाऱ्यांनी तो धडा म्हणून वाचावा. नसणाऱ्यांनी हसायला वाचला तरी चालेल. माझ्यावर हसणं ही आमच्या नातेवाइकांची जुनी करमणूक आहे, आणि तिचा ठेका मीच घेतलेला होता.

मी बुलढाण्याच्या एका हायस्कुलात सत्तावीस वर्षं भूगोल शिकवतो. बायको कुसुम देऊळघाटच्या प्राथमिक शाळेत शिकवते. ती मुलांना खरं बोलायला शिकवते आणि मी जग शिकवतो. जगाबद्दल सांगायचं तर जपानच्या बेटांची नावं मला पाठ होती, पण मी स्वतः सुरतेच्या पुढे गेलेलो नव्हतो.

चपलेची गोष्ट

आमच्या नात्यात लग्न असो, बारसं असो, पंगत उठली की कुणीतरी म्हणतं, "सर, ते चपलेची सांगा ना!" मग मी आढेवेढे घेतो (हे आढेवेढे गोष्टीचाच भाग आहेत) आणि सांगतो.

गोष्ट अशी. अडीच वर्षांपूर्वी मी आठवडी बाजारातून मेथी, वांगी घेऊन घरी आलो. दारात कुसुम उभी होती. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "एक चप्पल कोणाले दान करून आले?"

खाली पाहिलं तर डाव्या पायात चप्पल, उजवा पाय उघडा. अख्ख्या बाजारातून, भर उन्हातून, डांबरी रस्त्यानं मी एका चपलेवर चालत आलो होतो आणि मला पत्ता नव्हता.

झाली गोष्ट एवढीच. पण मी सांगणारा. वर्षभरात तिला एक कुत्रं जोडलं गेलं, जे चप्पल तोंडात धरून माझ्यामागे चौकापर्यंत येतं. पुढच्या वर्षी एक भाजीवाली आली. ती म्हणते, "सर, दुसरी बी टाकून जा, माया नवऱ्याचा जोड होईल." लोक पोट धरून हसायचे. कुसुमही हसायची.

त्या गोष्टीत मी एकच सांगत नव्हतो. त्याच्या कितीतरी आधीपासून मला कापसाच्या गादीवर चालल्यासारखं वाटायचं. जमीन पायाला लागायचीच नाही. उजव्या तळव्याला मी एकदा कंगव्याचा दात टोचून पाहिला होता. काही कळलं नाही. मी कंगवा जागेवर ठेवला, भांग पाडला आणि शाळेत गेलो.

साखर मला दहा वर्षांपासून होती. गोळ्या आठवण झाली की घ्यायचो. रक्त तपासायच्या आधी आठ दिवस गोड बंद, भात बंद, सकाळी क्रीडासंकुलात चार फेऱ्या. रिपोर्ट चांगला आला की परतताना जिलेबी. डॉक्टरला फसवलं याचा मला केवढा आनंद व्हायचा! इतकी वर्षं मी वर्गात कॉपी पकडत आलो, पण इतका निर्बुद्ध कॉपीबहाद्दर पाहिला नाही. माझी कॉपी माझ्याच पेपरात नापास व्हायला मदत करत होती.

पाठीवरचं बोचकं

आमची मुलगी प्राजक्ता पुण्यात नोकरी करते. तिनं ठरवलं की आईबाबांनी परदेशात जायचं.

"पण पॅकेज टूर नाही हं बाबा, ती म्हाताऱ्यांची असते. तुम्ही दोघं बॅकपॅकिंग करा. व्हिएतनाम. छोटी छोटी गावं, लोकल बस, होमस्टे. खरा देश दिसतो."

'म्हाताऱ्यांची' हा शब्द बरोबर बसला. मी लगेच हो म्हणालो.

आता हे बॅकपॅकिंग म्हणजे काय, तर आपलं ओझं आपल्याच पाठीवर घेऊन, बिनओळखीच्या गावांतून, राहायचा ठिकाणा नसल्यासारखं हिंडायचं. आमच्याकडे असं बोचकं घेऊन कुणी गावात शिरलं तर कुत्री भुंकतात आणि बाया पोरं घरात घेतात. तिकडे त्यालाच अनुभव म्हणतात. आणि हा अनुभव घ्यायला खास बूट लागतात, खास पँट लागते, जिला नको तितके खिसे असतात.

आमची बोचकी तर आणखी थोर. त्यात कपडे कमी आणि धपाटे जास्त. मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, भाजलेलं पीठ, चिवडा. निघायच्या दिवशी चटणीचा डबा काही केल्या मावेना. मग मी साखर मोजायचं यंत्र बाहेर काढून कपाटात ठेवलं आणि त्या जागी चटणी बसवली. तो डबा तिथे असा फिट्ट बसला की मला वाटलं, हे देवाच्याच मनात होतं.

हनोईत आम्हाला आमच्यासारखेच बोचकेवाले पुष्कळ भेटले. एक गोरं जोडपं स्वतःचा शोध घेत होतं, असं त्यांनीच सांगितलं. घरी हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या देशात का शोधायची, हे मला कळलं नाही. एक बंगळुरूचा जोडा प्रत्येक जेवणाचा आधी फोटो काढायचा आणि मग ते तसंच टाकून द्यायचा. मी त्या सगळ्यांकडे तुच्छतेनं पाहायचो आणि कुसुमला म्हणायचो, "हे प्रवासी नाहीत, हे देखावे आहेत." माझ्या खिशांच्या पँटीत हात घालूनच म्हणायचो.

कुसुमचं मात्र तसं नव्हतं. ती खरोखर फिरली. आम्ही हनोईहून उत्तरेला 'हा जांग' नावाच्या प्रांतात गेलो, तिथून बसनं डोंगरात वर. आमच्या बुलढाण्याजवळचा राजूरचा घाट त्यापुढे लेकरू वाटावा असे घाट. खाली दरीत धाग्यासारखी नदी, चुनखडीचे सुळके, दगडांच्या फटीतून लावलेला मका. घरांच्या वळचणीला मक्याची कणसं टांगलेली पाहून ती म्हणाली, "हे तं सोनाळ्यासारखंच हाये की हो!" सोनाळा तिचं माहेर. बाजारात ती भोपळा विकणाऱ्या बाईशी अर्धा तास बोलली. ही वऱ्हाडीत, ती तिच्या भाषेत. येताना बाईनं दोन रताळी वरून दिली. मी बाजूला उभा राहून त्या बाजाराची भौगोलिक माहिती सांगत होतो. ऐकायला कुणी नव्हतं.

गोटा

तो दिवस थंडीचा होता. डोंगरातल्या एका लहान गावात आम्ही उतरलो होतो आणि सकाळीच एका टोकावर चढून आलो. दगडी पायऱ्या, धुकं, शेवाळ. माझ्या मागून एक तिशीचा पोरगा धापा टाकत येत होता आणि मी न थांबता चढत होतो. वर पोचल्यावर मी त्याला म्हणालो, "आमच्या पायात अजून दम आहे." खरं तर पायात दम नव्हता, पायात काहीच नव्हतं. दुखलंच नाही तर माणूस थांबेल कशाला?

संध्याकाळी खोलीवर येऊन बूट काढला तर त्यातून टणकन एक गोटा पडला. बोरापेक्षा मोठा. मोजा खालून लाल.

कुसुमनं गोटा उचलून हातात धरला. "एवढा गोटा घेऊन दिवसभर हिंडले? लागला नाही तुम्हाले?"

"तुझ्या भावाले भेट आणली," मी म्हणालो. "परदेशी हाये."

ती हसली. तिला हसवलं की प्रश्न संपतो, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

मग तिनं तेच केलं जे आमच्याकडे प्रत्येक घरात करतात. पाय दुखला, सुजला, शिणला, की मिठाच्या कढत पाण्यात शेक. खोलीत विजेची किटली होती. होमस्टेच्या बाईकडून तिनं प्लास्टिकचं घमेलं मागून आणलं, मीठ टाकलं, गार पाण्यात किटली ओतली. मी दोन्ही पाय आत सोडले.

"गरम हाये का?"

"नाही. कोमट बी नाही. टाक अजून."

तिनं दुसरी किटली ओतली.

"आता?"

आता दोन्ही पायांना काहीच कळत नव्हतं. पाय पाण्यात आहेत हे मी डोळ्यांनी पाहत होतो म्हणून मला माहीत होतं. त्या क्षणी मला स्पष्ट समजलं होतं की हे काही ठीक नाही. खोलीत इतकी थंडी होती की तोंडाचीही वाफ दिसायची, त्यामुळे घमेल्यातल्या वाफेचं तिला काही वाटलं नाही.

"चटका तं नाही बसत ना हो?"

आणि मी, भूगोलाचा शिक्षक, पंचावन्नाला टेकलेला, डोळे मिटून म्हणालो, "मस्त शेक लागून राह्यला. टाक अजून एक."

तिनं तिसरी ओतली.

बोट वर

सकाळी पाय पाहिले. वर्णन करत नाही. कांद्याचा वरचा पापुद्रा हातानं सुटतो तसं काहीतरी होतं, एवढंच सांगतो. कुसुमनं पाहिलं आणि ती अनवाणीच होमस्टेच्या बाईला बोलवायला धावली. त्या बाईनं पाय पाहताच नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि आम्हाला खाली मोठ्या गावातल्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर बाई आमच्या प्राजक्ताच्या वयाची असेल. ती फोनमध्ये बोलायची आणि फोन आम्हाला हिंदीत सांगायचा. साखर चारशेच्या वर निघाली. मग फोननं विचारलं, "पैरों में महसूस होना कब से बंद है?"

कुसुम माझ्या उशाशी उभी होती. मी म्हणालो, "कल तक एकदम ठीक था."

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. मग फोननं विचारलं, "पानी किसने डाला?"

कुसुमनं बोट वर केलं. वर्गात मुलं करतात तसं. आयुष्यभर ज्या बाईसमोर मुलांनी बोट वर केलं, तिनं परक्या देशात, परक्या भाषेत, मी न केलेल्या कबुलीच्या जागी बोट वर केलं. आणि मी छताकडे पाहत पडून राहिलो. छताला दोन पंखे होते.

शेजारीण

तिथे दवाखान्यात रोग्याचं जेवणखाण, धुणंपुसणं आपल्याकडच्यासारखं घरच्यांनीच करायचं असतं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता आणि त्याची म्हातारी खाटेखाली चटई टाकून राहायची. तिनं पहिल्याच दिवशी कुसुमला अर्धी चटई सरकवून दिली. तांदळाची पेज दोघींत वाटून खायची. आमच्या बोचक्यातला ठेचा तिनं बोटाच्या टोकावर घेऊन चाखला, डोळ्यांत पाणी आलं, तरी मान डोलावून आणखी मागितला. परदेशात जे काही चांगलं पाहिलं त्यात मी हिला पहिली जागा देतो. सुळक्यांना दुसरी.

ही म्हातारी रोज नवऱ्याचं अंग पुसायची. पाण्याचं भांडं आणलं की आधी बाही वर करून कोपर पाण्यात बुडवायची, क्षणभर थांबायची, मगच फडकं भिजवायची. रोज. न चुकता.

दुसऱ्या दिवशी कुसुमनं ते पाहिलं. ती उठून व्हरांड्यात गेली आणि बराच वेळ आली नाही. आल्यावर म्हणाली, "एक डाव कोपर बुडवलं असतं मी."

ते वाक्य खोडायला मला चार शब्द पुरले असते. मी म्हणालो, "जाऊ दे आता."

माणूस कशाला घाबरतो पाहा. डॉक्टर सांगत होती की लागण वर चढली तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. त्याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही की कुसुमला कळेल, मला सगळं माहीत होतं. पाय गेला असता तर लोकांनी हळहळ केली असती. हे कळलं असतं तर कुणी हळहळलं नसतं. मी हळहळ निवडली.

अकोल्यात दरबार

आठवड्यानं, चाकाच्या खुर्चीतून, विमान बदलत बदलत आम्ही परत आलो आणि थेट अकोल्याला दाखल झालो. डावा पाय वरवर भाजला होता, तो भरून येणार होता; उजव्या पायाची शेवटची दोन बोटं तिथल्या सर्जननं काढली. उजव्याच्या बाकीच्या भागाबद्दल म्हणाले, "पंधरा दिवस काही बोलत नाही. वाट पाहू."

वाट पाहायला नातेवाईक आले. आजारी माणसाला भेटायला येणाऱ्यांबद्दल माझं मत आधीपासून वाईट होतं, आता ते अनुभवानं पक्कं झालं. ही माणसं सफरचंद घेऊन येतात आणि ते स्वतःच चिरून खातात. प्रत्येकाच्या ओळखीत एक जण असतो ज्याचा पाय असाच झाला होता आणि तो 'गेला'. पाय गेला की माणूस, ते सांगत नाहीत. माझा मेहुणा गजानन, कुसुमचा धाकटा भाऊ, सोनाळ्याहून कडुनिंबाच्या पाल्याची गोणी घेऊन आला. माझी बहीण शकूआक्का आली ती पदर डोळ्याला लावूनच.

"वयनी, हात घालून पाह्यचा होता ना एकदा," आक्का कुसुमला म्हणाली. "लेकराले आंघोळ घालताना पाह्यतो का नाही आपण?"

कुसुमनं सफरचंदाची सालं गोळा केली आणि बाहेर नेऊन टाकली. दारापलीकडेही हेच बोलणं चालायचं आणि मला ते ऐकू यायचं. 'बाईनं नवऱ्याचे पाय उकडले.' पुढे पुढे ते इतकं सोपं झालं की नवीन येणाऱ्याला दारातच सांगितलं जायचं.

कुसुम खाटेशेजारी बसेनाशी झाली. पायथ्याशी उभी राहायची. चहा द्यायच्या आधी इतका गार करायची की वर साय धरायची. ड्रेसिंगच्या वेळी बाहेर जा म्हटलं तरी जायची नाही. शिक्षा म्हणून पाहायची. आणि मी, सगळ्या नात्याला रंगवून रंगवून गोष्टी सांगणारा, या एका गोष्टीत मुका झालो होतो. बाकीच्यांना मी तुच्छ लेखतो ते अनुभवानं लेखतो. इतक्या जवळून पाहिलेला क्षुद्र माणूस मला दुसरा नाही.

गोष्टीनं पकडलं

परत आल्याला दोन आठवडे झाले असतील. सकाळी सर्जन आले होते, सिस्टर पट्टी सोडत होत्या, कुसुम थर्मास घेऊन पायथ्याशी उभी. जखम बरी दिसत होती म्हणून सगळे जरा मोकळे झाले होते. गजाननला वाटलं, वातावरण आणखी हलकं करावं.

"डॉक्टरसाहेब, आमचे जावाई मोठे वल्ली हायेत. यांच्या चपलेची गोष्ट मालूम हाये का तुम्हाले?"

"गजानन, राहू दे," मी म्हणालो.

"राहू दे काय? आयका साहेब!" आणि त्यानं सांगितली. माझ्यासारखी नाही जमली त्याला, कुत्रं आधी आलं आणि भाजीवाली विसरला. पण मुद्दा पोचला. सिस्टर हसल्या.

सर्जन हसले नाहीत. "चप्पल पायातून निघाली आणि यांना कळलं नाही?"

"नाई ना! घरापावतर तसेच आले!"

"कधीची गोष्ट ही?"

"दोन वर्स झाले. पुऱ्या नात्यात मशहूर हाये."

सर्जननं चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहून, अगदी हळू आवाजात, म्हणाले, "सर, तुमच्या पायाची जाणीव तेव्हाच गेलेली होती. चप्पल निसटून कळत नाही, तिथे कढत पाणी काय कळणार? हे कुणालाच सांगितलं नाहीत?"

"सांगतलं ना," गजानन म्हणाला. त्याला अजून काही समजलेलं नव्हतं. "लगनालगनात सांगतलं."

कुसुमनं थर्मासचं झाकण लावलं. फिरवलं, घट्ट झालं तरी फिरवत राहिली.

सगळे गेल्यावर ती पहिल्यांदा स्टुलावर बसली.

"गोटा निंघाला तवा तुम्हाले मालूम होतं?"

"हाव."

"मी पाणी टाकत होती तवा?"

"...हाव."

"मंग 'मस्त शेक लागून राह्यला' काऊन म्हणले?"

मी खरं ते सांगितलं. "म्हातारा झालो असं वाटलं असतं तुले."

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जशी वर्गात पाच वर्षं बसूनही बाराखडी न आलेल्या मुलाकडे पाहावं.

"अन् त्या डॉक्टरीण बाईनं इचारलं तवा? अन् शकूताई बोलल्या तवा? अन् हे सारे दिवस?"

यावर सांगायला माझ्याकडे गोष्टही नव्हती.

"तुमी मले चेटकीण केलं," ती म्हणाली. "अन् सोता देव बनून खाटेवर पडले."

मग तिनं मला चहा दिला. कढत होता. जीभ भाजली. बरं वाटलं.

विचारणं बंद

पाय राहिला. सव्वा महिना अकोला, मग घरी. रोज पट्टी, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. कुसुमनं शाळा सांभाळून सगळं केलं. पण एक गोष्ट तिनं थांबवली. ती मला काही विचारेना. दुखतं का, हे ती ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरना विचारायची. भाजीत मीठ झालं का, हे शेजारणीला. पाय धुवायचं पाणी आणलं की ती त्या व्हिएतनामी म्हातारीसारखी बाही वर करून कोपर बुडवायची, क्षणभर थांबायची आणि माझ्याकडे न पाहता म्हणायची, "ठेवा पाय."

एकदा मीच म्हणालो, "बरोबर आहे, कोमट आहे."

"तुम्हाले कोणं इचारलं?"

माझ्या शब्दाला घरात कुलूप लागलं होतं आणि किल्ली मीच बाजारात पाडून आलो होतो. चपलेसोबत.

सोनाळ्याची पंगत

पाच महिन्यांनी गजाननच्या मुलीचा साखरपुडा होता. सोनाळ्याला गेलो. मी खास बुटात, हातात काठी. बोटं गेल्यावर तोल जातो, हे कुणी आधी सांगत नाही. जेवणं झाली, सुपारी फिरली आणि कुणीतरी म्हणालं, "सर, चपलेची होऊन जाऊ द्या!"

या वेळी आढेवेढे खरे होते. समोर शकूआक्का होती. बायांच्या घोळक्यात, खांबाला टेकून, कुसुम होती आणि तिनं मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं होतं.

मी सांगितली. बाजार, मेथी, दार. कुत्रं काढून टाकलं, भाजीवालीही. लोक तरीही हसले, सवयीनं. मग मी थांबलो नाही.

"त्या दिवशी माह्या पायाले काही समजत नव्हतं. मले ते ठाऊक होतं. मी तुम्हाले हसवलं, कारण हसणारा माणूस पुढचं इचारत नाही. मंग परदेशात कुसुमनं तीन डाव इचारलं, गरम हाये का. एकही डाव मी खरं सांगतलं नाही. पाणी तिनं टाकलं, पाय मी भाजले. अन् तुमी सारे तिले बोलत होते तवा मी बाजूच्या खाटेवर जागाच होतो."

गजानन सुपारीचं ताट हातात घेऊन उभाच राहिला. इतकी पडलेली गोष्ट मी आयुष्यात सांगितली नव्हती.

मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या एका काकांनी, नवरदेवाकडचे होते, मला ओळखतही नव्हते, हळूच चपलेतून पाय काढला, मांडीवर घेतला आणि तळव्याला बोटानं दाबून पाहिलं. पुन्हा जरा जोरात दाबलं. बाजूच्या मुलाला काहीतरी विचारलं. मुलानंही दाबून पाहिलं. काकांचा चेहरा उतरला.

शकूआक्का उठून कुसुमजवळ गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. कुसुमनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, तेही दिसलं नाही.

ज्यांना साखर आहे त्यांच्यासाठी, आता धीर करून, चार ओळी. तळवे रोज पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. घालण्याआधी बूट झटका. पाय धुवा, पुसा, पण शेकू नका, भिजवत ठेवू नका. पाण्यात कोपर दुसऱ्याचं बुडू द्या. आणि तपासणीच्या आधी आठ दिवस उपाशी राहून डॉक्टरला फसवणाऱ्यांनो, तुमच्याबद्दल मला काय वाटतं ते लिहिण्यासारखं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो. दिवेलागण झाली होती. मी ओट्यावर बसून बूट काढला. कुसुम घमेलं घेऊन आली, बाही वर केली, कोपर बुडवलं. थांबली. मी पाय उचलला.

तिनं घमेलं जरा मागे ओढलं.

"गरम हाये का?" तिनं विचारलं.

मी पाय हळूच पाण्यात सोडला. पाणी घोट्याला लागलेलं मला दिसलं. नुसतं दिसलं.

"मले काहीच समजत नाही, कुसुम."

"हाव," ती म्हणाली आणि पाय चोळायला लागली. "कोमट हाये."